पंचवीस ग्रॅमचा हट्ट

मुक्कामाच्या ट्रेकला पहिल्यांदा निघालेल्या मुलामुलींना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. स्टोव्ह घ्यायचा तर मुठीत मावेल असा घ्या, जमलं तर २५ ग्रॅमचा, टायटॅनियमचा. गॅसच्या डब्यावर फिरवून बसवला की काम झालं. दुकानात हेच ऐकायला मिळतं, ट्रेकला नेणारे दादा-ताई हेच सांगतात, आणि सामानाच्या यादीत स्टोव्हपुढे एकच आकडा असतो, तो वजनाचा. हा सल्ला चुकीचा आहे, आणि किरकोळ दुरुस्तीनं सुधारेल असाही नाही, असं माझं म्हणणं आहे. सह्याद्रीत चार-सहा जणांनी एक-दोन रात्री राहून स्वतः रांधायचं असेल, तर स्टोव्हचं वजन हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. त्याआधी मुळात रांधायचं आहे का, काय रांधायचं, किती जणांसाठी आणि किती वाऱ्यात, हे विचारायला हवं.

समोरच्यांची बाजू आधी नीट मांडतो. ते म्हणतात, पाठीवरच्या ओझ्याचा हिशेब शेवटी गुडघे करतात. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढणाऱ्याला सॅकमधली प्रत्येक फालतू वस्तू आठवते, आणि ग्रॅमाग्रॅमानंच किलो भरतो. बारका स्टोव्ह स्वस्त पडतो, जागा खात नाही, मोडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. पाणी उकळायला मोठ्या यंत्राची गरज नाही. यातलं एकेक वाक्य खरं आहे. उतारावर गुडघे धरून बसलेली माणसं मीही पाहिली आहेत आणि वजनाची थट्टा करणाऱ्यांतला मी नाही. अडचण अशी की या सगळ्या खऱ्या वाक्यांतून काढलेला निष्कर्ष ज्या चालण्याला लागू पडतो, ते चालणं आपलं नाही.

हे हलकेपणाचं शास्त्र अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या वाटांवर घडलं. मेक्सिकोच्या सरहद्दीपासून कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल सव्वाचार हजार किलोमीटरांहून लांब आहे. ती चालायला चार-पाच महिने लागतात. रे जार्डिन या गृहस्थांनी १९९२ मध्ये या वाटेवर चालणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं आणि हलकं चालण्याचा विचार रुजवला. त्यांचा तर्क बिनतोड होता. माणूस एकटा, रोज तीस-चाळीस किलोमीटर, दर चार-पाच दिवसांनी वाटेवरच्या गावात शिधा भरायचा, आणि जेवण म्हणजे सुकवलेल्या अन्नाच्या पाकिटात ओतलेलं अर्धा लिटर गरम पाणी. अशा माणसाचा स्टोव्ह दिवसाला दहा मिनिटं पेटतो आणि उरलेला सगळा दिवस ओझं म्हणून पाठीवर असतो. त्यानं २५ ग्रॅमचा घ्यावा, ते शहाणपणाचंच आहे.

आपला शनिवार-रविवार तसा नसतो. राजगड-तोरणा करायला सहा जण निघतात. संध्याकाळी पोचल्या पोचल्या चहा लागतो, आणि एका उकळीचा नव्हे, आलं ठेचून चांगला उकळलेला. रात्री खिचडी, किंवा पिठलं आणि घरून आणलेल्या भाकऱ्या. सकाळी पुन्हा चहा आणि पोहे. यातला एकही पदार्थ पाणी उकळून पाकिटात ओतल्यानं होत नाही. फोडणीला तेल तापावं लागतं पण मोहरी तडतडली की जळायच्या आत आच उतरवावी लागते. पिठल्यात गुठळ्या नकोत म्हणून एका हातानं पीठ सोडत दुसऱ्या हातानं सारखं ढवळावं लागतं. खिचडीला पहिली उकळी आली की वीस-पंचवीस मिनिटं झाकण ठेवून मंद आच हवी. त्यात उंची आडवी येते. हरिश्चंद्रगडाचा माथा १४२४ मीटरांवर आहे. तिथं पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं, म्हणून डाळ घरच्यापेक्षा जास्त वेळ घेते. चढायला लागण्यापूर्वी रुंद तोंडाच्या बाटलीत मूगडाळ भिजत घातली, तर ती चालता चालता भिजते आणि गडावर गॅस वाचतो. वजनाच्या याद्यांमध्ये असल्या गोष्टींना जागा नसते, पण दहा-पंधरा ग्रॅम गॅस यातूनच वाचतो.

म्हणजे आपल्याला स्टोव्हकडून तीन गोष्टी हव्यात: तीन लिटरचं भरलेलं पातेलं न डगमगता पेलणं, पातेल्याच्या तळाला पसरून लागणारी ज्योत, आणि विझण्याआधी खरोखर मंद होणारी कळ. मुठीतला स्टोव्ह नेमक्या याच तिन्ही गोष्टींत कमी पडतो. तो वाईट बनवलेला नसतो, अर्ध्या लिटरच्या मगासाठी बनवलेला असतो.

एका जानेवारीत नाणेघाटाच्या पठारावर शेजारच्या गटाची खिचडी मी अगदी जवळून पाहिली. वीसेक वर्षांची चार-पाच मुलं होती, वागायला नीटनेटकी, तयारीही चांगली केलेली. गॅसचा डबा जमिनीवर उभा, त्यावर इवलासा स्टोव्ह, त्याच्या तीन बारीक दांड्यांवर हातभर रुंद अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं. दांड्यांचा घेर पातेल्याच्या तळाच्या निम्माही नव्हता. कोकणातून वर येणारा वारा ज्योतीला एका बाजूला लोळवत होता, त्यामुळे पातेल्याची एक बाजू रटरटत होती आणि दुसऱ्या बाजूचे तांदूळ कोमट पाण्यात पडून होते. एक मुलगी पकडीनं पातेलं धरून बसली होती, कारण सोडलं की ते कलत होतं. दुसरा ढवळत होता. प्रत्येक फेऱ्याला पातेलं दांड्यांवरून किंचित सरकायचं, की दोघंही थांबायची. ज्या बाजूला ज्योत लोळत होती, तिकडची दांडी लालबुंद झाली होती. टायटॅनियम वितळायला दीड हजारांवर अंश लागतात हे खरं, पण लाल झालं की त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधीच उतरते. ती दांडी हळूहळू खाली झुकली आणि पातेलं त्या बाजूला गेलं. गरम खिचडी मुलीच्या बुटावर सांडली. बूट जाड होता म्हणून भागलं. मांडी घालून बसली असती तर रात्री अंधारात तिला जुन्नरच्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं. त्या मुलांची काहीच चूक नव्हती. त्यांना जे सांगितलं गेलं तेच त्यांनी विकत घेतलं होतं.

आता वजनाचंच बोलू. समोरचे वजनावर उभे आहेत, तेव्हा त्यांना उत्तरही तराजूवरच द्यायला हवं. एक लिटर पाणी २० अंशांवरून ९५ अंशांवर न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम ब्युटेन जळून ४५ किलोज्यूलच्या आसपास देतो, पण उघड्या ज्योतीतली निम्मीच उष्णता पातेल्यात शिरते. वारा नसेल तर लिटरमागे १३-१४ ग्रॅम गॅस धरावा. चौघांचा दोन वेळचा चहा आणि एक खिचडी मिळून साडेतीन लिटर पाणी तापवावं लागतं. त्याला ५० ग्रॅम. खिचडी मंद आचेवर मुरवायला २५. पोह्यांना १२. सगळं मिळून नव्वदीच्या आत.

हा हिशेब वारा नसतानाचा. उघड्यावरच्या स्टोव्हला मध्यमसा वारा लागला तरी इंधन दुप्पट जातं. जोराचा असेल तर पाणी उकळतच नाही, नुसता डबा रिकामा होत राहतो. म्हणून २५ ग्रॅमच्या स्टोव्हवाल्याला २३० ग्रॅम गॅसचा मोठा डबा न्यावा लागतो. पत्र्यासकट त्याचं वजन ३८० ग्रॅमच्या घरात जातं. स्टोव्ह धरून झाले ४०५. आता दुसरा स्टोव्ह घ्या. जमिनीवर पाय पसरून बसणारा, डब्याला लवचिक नळीनं जोडलेला. असे स्टोव्ह दीडशे ते दोनशे ग्रॅमपर्यंत मिळतात; १७० धरू. भोवती घडीच्या पातळ पत्र्याचा आडोसा, ४० ग्रॅम. वारा आत शिरत नाही म्हणून ११० ग्रॅम गॅसचा छोटा डबा काठावर का होईना, पुरतो. त्याचं भरलेलं वजन साधारण २०५. बेरीज ४१५. दोन्हींत फरक दहा ग्रॅमचा!

काठावरचा हिशेब कुणाला पटणार नाही, आणि गॅसवर ताण नको म्हणून मोठाच डबा घेणारे असतील. घ्या. मग फरक १८५ ग्रॅमचा होतो. तो चौघांत वाटला की माणशी पन्नास ग्रॅमही येत नाही, म्हणजे सोललेल्या केळ्याच्या निम्म्यानं. एवढ्यासाठी पातेलं हातानं धरून बसायचं, तळ करपवायचा आणि मांडीवर उकळतं पाणी सांडण्याची जोखीम घ्यायची, हा व्यवहार मला समजत नाही. एकट्याच्या पाठीवरचा हिशेब चार जणांच्या स्वयंपाकाला लावला की असाच घोळ होतो. सामान वाटून घेता येतं आणि गट जितका मोठा तितका स्टोव्हच्या वजनाचा प्रश्न लहान होतो. सामानाच्या यादीत स्टोव्हपुढे वजन लिहिणाऱ्यांनी कधीतरी ते वजन माणसांच्या संख्येनं भागून पाहायला हवं होतं.

ज्यांचं जगणं खरोखर वजनावर अवलंबून होतं त्यांनी काय केलं, हेही पाहण्यासारखं आहे. नॉर्वेचा फ्रित्यॉफ नान्सेन १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडून गेला, आणि १८९५ मध्ये यालमार योहान्सेनबरोबर जहाज सोडून उत्तर ध्रुवाच्या दिशेनं निघाला. घसरगाडीवरचा प्रत्येक किलो त्यांना नाहीतर कुत्र्यांना ओढायचा होता. तरीही नान्सेननं भांड्याला बाहेरून आणखी धातूचं आवरण घालून घेतलं. ज्योतीची वाया जाणारी उष्णता आतल्या भांड्याला वळसा घालून बाहेरच्या भांड्यातला बर्फ वितळवत जाई. म्हणजे भांड्याचं वजन वाढवून त्यानं इंधनाचं वजन वाचवलं. त्याच्या भांड्याखाली स्वीडनचा प्रायमस होता. १८९२ मध्ये लिंडक्विस्ट यांनी काढलेला तोच पंपाचा रॉकेल स्टोव्ह, जो पुढे आपल्याकडच्या घराघरांत भरभरत राहिला. १९५२ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर ८४०० मीटरांच्या आसपास तेनझिंग आणि रेमाँ लांबेर यांच्याजवळ स्टोव्हच नव्हता. मेणबत्तीवर बर्फ वितळवून त्यांनी घोटभर पाणी मिळवलं. पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी गिर्यारोहकांनी भरपूर पाणी प्यायलाच हवं असा आग्रह धरला आणि त्यासाठी स्टोव्हकडे जातीनं लक्ष दिलं. वजन कमी करायचं म्हणून चुलाण्यावर कात्री चालवावी असं यांतल्या कुणाला वाटलं नाही.

‘आडोसाच करायचा तर आमच्याही स्टोव्हला करू की’, असं उत्तर मला अनेकदा मिळालं आहे. हे उत्तर धोक्याचं आहे, म्हणून त्यावर थांबतो. डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हभोवती चहूबाजूंनी पत्रा लावला तर ज्योतीची उष्णता डब्यावर परतते. डब्यातला दाब तापमानाबरोबर चढतो. डबा हाताला गरम लागायला लागला की आच बंद करून आडोसा काढायचा, याला दुसरा पर्याय नाही; पुढची पायरी डबा फुटण्याची आहे. मोठ्या बुडाचं पातेलंही उष्णता खाली परतवतं, तेव्हा पत्रा नसतानाही हा धोका राहतोच. अशा स्टोव्हला वाऱ्याच्या बाजूनं अर्धा आडोसा करता येतो, किंवा दगडाआड बसता येतं. माचीवर वारा दिशा बदलतो तेव्हा अर्ध्या आडोशाचा काही उपयोग नसतो. नळीच्या स्टोव्हमध्ये डबा हातभर लांब, आडोशाबाहेर, गार जागी असतो. म्हणूनच त्याला पूर्ण आडोसा चालतो. तंबूचं दार लावून आत स्टोव्ह पेटवणं मात्र कोणत्याच प्रकाराला चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

हलकेपणाच्या पंथातले काही जण गॅसच्याही पुढे जाऊन स्पिरिटची वाटी नाहीतर इंधनाच्या पांढऱ्या वड्या सुचवतात. पत्र्याच्या डब्याची कापून केलेली वाटी दहा-पंधरा ग्रॅमची असते, हे कबूल. पण स्पिरिटमध्ये गॅसच्या तुलनेत उष्णता निम्म्याहून थोडीच जास्त. चौघांच्या स्वयंपाकाला ते इतकं न्यावं लागतं की वाटीत वाचवलेलं वजन बाटलीत परत येतं. आपल्याकडे डिनेचर्ड स्पिरिटच्या विक्रीवर सरकारी नियंत्रण आहे, त्यामुळे ते कुठेही सहज मिळत नाही. दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. विझली समजून वरून ओतायला जावं आणि बाटलीनंच पेट घ्यावा, असे अपघात याच कारणानं होतात. स्वीडनच्या ट्रँजिया कंपनीनं स्पिरिटच्या बर्नरभोवती आडोसा, भांडी आणि बूड यांचा एकत्र संच केला. तो वाऱ्यात छान चालतो, पण तो हलका नाही आणि हलका असल्याचा दावाही कुणी करत नाही. वड्यांबद्दल जास्त काही बोलण्यासारखं नाही. एका कपापुरत्या त्या ठीक. त्यांच्यावर खिचडी होत नाही.

गॅस कोणता घ्यायचा, यातही हिमालयाचा सल्ला सह्याद्रीत जसाच्या तसा आणला जातो. आयसोब्युटेन-प्रोपेनचा महाग डबाच हवा, साधा ब्युटेन थंडीत मरतो, असं सांगतात. शुद्ध ब्युटेन उण्या अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही, हे बरोबर. लेहच्या वाटेवर किंवा बर्फातल्या तळावर पहाटे तो खरंच उपयोगाचा नाही. तिथं मिश्र गॅसच हवा, आणि विमानात कोणताच डबा नेता येत नसल्यामुळे तो मनाली-लेहच्या बाजारात घ्यावा लागतो. पण सह्याद्रीच्या माथ्यावर जानेवारीच्या पहाटे सात-आठ अंश असतात. तिथं ब्युटेन मंद जळतो, पण जळतो. डबा रात्री कपड्यांत गुंडाळून ठेवला आणि सकाळी थोडा वेळ कोमट पाण्यात उभा केला, की चहा होतो. टेबलावरच्या शेगडीत आडव्या बसणाऱ्या ब्युटेनच्या लांब बाटल्या आपल्या शहरांत स्वस्तात मिळतात, आणि जोडणी लावून त्या नळीच्या स्टोव्हला चालतात. बाटली आडवी ठेवायची तर तोंडावरची खाच वरच्या बाजूला यायला हवी. ती खाली आली की वायूऐवजी द्रव गॅस नळीत उतरतो आणि ज्योत एकदम भडकते. मुलांच्या हाती स्टोव्ह देण्याआधी हे करून दाखवावं.

रिकाम्या डब्यात घरच्या सिलिंडरचा गॅस भरून देणारे काही ठिकाणी सापडतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. घरच्या गॅसमध्ये प्रोपेन असतो, त्याचा दाब ब्युटेनपेक्षा बराच जास्त असतो, आणि या डब्यांचा पातळ पत्रा त्या दाबासाठी केलेला नसतो. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत असा डबा ठेवणं म्हणजे गाडीतल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लावणं.

आणि आता तो प्रश्न, जो यादी लिहिणारे कधीच विचारत नाहीत. मुंबईची निम्मी पोरं ट्रेकला लोकलनं जातात, कसाऱ्याला, कर्जतला. गाडीत गॅसचा डबा किंवा स्पिरिट नेणं गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डबा छोटा आहे म्हणून कायद्यातून सूट मिळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या खासगी डब्यात लपवून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि माणसं होरपळून मेली. तेव्हा गाडीनं किंवा एसटीनं जाणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे: स्टोव्ह नेऊच नका. वजन हीच ज्याची पहिली अट आहे त्यानं हाच मार्ग घ्यायला हवा, कारण यापेक्षा हलका स्टोव्ह कुठल्याच कारखान्यात तयार होत नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात. गूळपोळी, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे, लाडू ही आपल्याकडची वाटेवर खायची शिदोरी आहे, आणि ती चुलीशिवाय खाण्यासाठीच घडवलेली आहे. एक वेळचं गरम जेवण पायथ्याच्या गावात घ्या. पाचनईत, खिरेश्वरला, वाजेघरला घरातली बाई पिठलं-भाकरी करून वाढते. त्याचे पैसे तिच्या घरात जातात आणि तुमच्या सॅकमधलं अर्धं ओझं कमी होतं. अमेरिकेतली हलकी चालणारी मंडळी ज्यांना आपली आजी मानतात त्या एमा गेटवुड १९५५ मध्ये ६७ व्या वर्षी एकट्या अ‍ॅपलाचियन वाटेवर चालल्या, त्या बहुतेक थंडच खाऊन. हलकेपणाचा विचार शेवटपर्यंत नेला तर तो इथं पोचतो, २५ ग्रॅमच्या स्टोव्हपाशी थांबत नाही.

एवढं ऐकल्यावर जुने ट्रेकर म्हणतात, ‘म्हणूनच आम्ही तीन दगडांची चूल मांडतो. ना स्टोव्ह, ना डबा.’ त्यांच्याशी माझं भांडण जास्त मोठं आहे, कारण स्टोव्हचा हट्ट निदान एका गटापुरता राहतो. दर शनिवारी एकाच माचीवर जर गटामागून गट लाकडं गोळा करत असतील, तर माथ्यावर वाळकी काटकी शिल्लक राहत नाही, आणि मग हिरव्या फांद्या ओरबाडल्या जातात. कारवीच्या वाळक्या काठ्या सरपण म्हणून मोडल्या जातात. चुलीला दगड म्हणून वाड्यांच्या जोत्यातले घडीव दगड उचललेले मी पाहिले आहेत. आचेनं ते काळे पडतात, तडकतात, आणि सकाळी उतारावर लोटून दिले जातात. गुहांची छतं काजळीनं काळी झाली आहेत. फेब्रुवारीपासून माथ्यावरचं गवत पेट घ्यायला एका ठिणगीची वाट पाहत असतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३० अभयारण्याला धोका होईल अशी आग लावायला, पेटवायला, जळती सोडून जायला मनाई करतं. रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. तिथं नेमून दिलेली जागा सोडून कुठंही स्वयंपाक करायला बंदी आहे, मग तो चुलीवर करा की गॅसवर. हेच तिन्ही गड २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. ‘आमच्या वेळी चालायचं’, हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. त्यांच्या वेळी गडावर दोन गट असायचे.

एकट्यानं चालणाऱ्याबद्दलचं माझं मत वर येऊन गेलं आहे, पण गैरसमज नको म्हणून पुन्हा सांगतो. जो एकटा किंवा दोघांत फिरतो, चहा आणि सूप याव्यतिरिक्त काही करत नाही, घळीत किंवा देवळाच्या आडोशाला बसतो, त्यानं मुठीतला स्टोव्ह जरूर घ्यावा. फक्त पन्नास-सत्तर ग्रॅम जास्त मोजून रुंद दांड्यांचा आणि खोलगट तोंडाचा घ्यावा. ज्योत खाली दडलेली असली की वाऱ्याला कमी सापडते. माझा आक्षेप त्या स्टोव्हवर नाही. सहा जणांच्या गटातल्या अठरा वर्षांच्या मुलाला तो ‘सगळ्यात चांगला’ म्हणून विकण्यावर आहे.

म्हणून ट्रेकला नेणाऱ्या मंडळींकडे माझी एक मागणी आहे. स्टोव्ह विकत घेण्याआधी तो कुणाचातरी मागून आणा, आणि नव्या मुलांना गच्चीवर, संध्याकाळच्या वाऱ्यात, तीन लिटरच्या पातेल्यात चौघांची खिचडी शिजवायला लावा. डबा आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. पातेलं धरावं लागलं का, तळ लागला का, डबा किती ग्रॅमनं हलका झाला, हे त्यांनाच लिहून काढू द्या. पुढच्या ट्रेकच्या यादीत स्टोव्हच्या नावापुढे तोच आकडा असू द्या.